शेजारच्या हॉलमधलं बेसणं

समरजित शिर्के गेली नऊ वर्षं नोकरी सोडत होता. सोडण्याचा कार्यक्रम दर रविवारी दुपारी, बडोद्यात हरणीला, सासुरवाडीच्या जेवणात व्हायचा. पहिला वरणभात संपला की तो पाण्याचा घोट घेऊन म्हणायचा, "बास. आता हे मकरपुरा नाही होत आपल्याच्यानं. काहीतरी स्वतःचं करायचं." मग ते स्वतःचं म्हणजे काय, हे सांगण्यात पोळ्या गार व्हायच्या. एके वर्षी ते कोल्हापुरी रश्शाचं हॉटेल होतं. आजूबाजूच्या निम्म्या सोसायट्यांत कांद्याचासुद्धा वास चालत नाही हे सासूबाईंनी लक्षात आणून दिल्यावर ते गुळाच्या चहाचं दुकान झालं. पुढे पावागडच्या पायथ्याशी तंबू ठोकून शहरातल्या माणसांना अंगण सारवायला शिकवायचं ठरलं. शहरातली माणसं त्याबद्दल उत्सुक असल्याचं त्याच्याखेरीज कोणाच्या कानावर आलं नव्हतं.

सोमवारी सकाळी तो मांजलपुरातून स्कूटर काढायचा आणि मकरपुऱ्याच्या कारखान्यात हजर व्हायचा. तिथे तो डिस्पॅचला होता. ट्रान्सफॉर्मरचे सुटे भाग कोणत्या ट्रकमध्ये चढतात, ट्रक कुठे जातो आणि येताना रिकामा तर येत नाही ना, हे बघायचं. रिकामा येणारा ट्रक त्याला बघवत नसे.

त्याची बायको मिताली रविवारी सकाळी सरळ विचारायची, "नोकरी सोडायला किती वाजता निघायचंय?"

सासुरवाडीत त्याचा मान मात्र मोठा. भास्करराव गुप्त्यांना दोन मुली. मोठी मिताली, म्हणून समरजित मोठा जावई. गॅलरीतल्या झोपाळ्यावर सासऱ्यांच्या उजव्या हाताची जागा त्याची. धाकटी शलाका, तिचा नवरा इंद्रनील कारखानीस, तो समोरच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर. या मांडणीत गैर काही नव्हतं. शिर्क्यांचे पणजोबा संस्थानच्या घोडदळात होते. कारखानिसांचे पणजोबा कचेरीत बसून त्याच घोड्यांच्या चाऱ्याला मंजुरी देत. एकाने घोड्यावर बसायचं आणि दुसऱ्याने खुर्चीवर, हे समरजितला इतिहासाला धरूनच वाटे.

इंद्रनील विमा कंपनीत क्लेम खात्यात होता. कोणाचा नवरा गेला, कोणाचा बाप गेला, की घरची माणसं त्याच्या टेबलासमोर येऊन बसायची आणि रडत रडत सगळी हकिगत सांगायची. तो ती पूर्ण ऐकून घ्यायचा आणि मग कोणता कागद कमी आहे ते सांगायचा. हा माणूस जेवताना जेवायचा. साडूच्या कुठल्याही योजनेला त्याने आजवर विरोध केला नव्हता आणि पाठिंबाही दिला नव्हता. "कढी सरकवा," एवढंच म्हणायचा.

दोन वर्षांपूर्वीच्या एका रविवारी, गुळाच्या चहाची दुसरी शाखा अलकापुरीत काढावी की नको यावर समरजित बोलत असताना, इंद्रनील म्हणाला, "मी नोकरी सोडली. कढी सरकवा."

कढी आधी सरकली. बातमी मागून पोचली.

"सोडली म्हणजे?" समरजितने विचारलं. नोकरी सोडणं म्हणजे काय हे त्या घरात त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं, तरी त्याने विचारलं.

"परवा शेवटचा दिवस होता."

"अहो, मग करणार काय?"

"बेसण्यात बोलणार," इंद्रनील म्हणाला आणि भातावर कढी ओतून घेतली.

माणूस गेल्यावर दोन-तीन दिवसांनी एखाद्या हॉलमध्ये पांढऱ्या चादरी अंथरतात, हार घातलेला फोटो ठेवतात, पांढऱ्या कपड्यातली माणसं येतात, हात जोडतात, थोडा वेळ गप्प बसतात आणि पुन्हा हात जोडून जातात. गुजराती मंडळी याला बेसणुं म्हणतात. बडोद्याच्या मराठी घरांनी त्याचं बेसणं केलं आणि आपलं तेरावंही सोडलं नाही, त्यामुळे त्यांच्याकडे गेलेल्या माणसासाठी दोन्ही भाषांत बसता येतं.

झालं होतं असं, की इंद्रनीलच्या सोसायटीतले हसमुखभाई गेले. बेसण्याला भजनं म्हणणारा आलाच नाही. हॉलमध्ये नुसता पंख्याचा आवाज. कोणालाच काही सुचेना, तेव्हा इंद्रनील उठला आणि हसमुखभाई पहाटे उठून सगळ्या सोसायटीच्या टाकीचा व्हॉल्व्ह कसा सोडायचे, आणि तो सोडताना टाकीशी कसे भांडायचे, एवढंच गुजरातीत बोलला. गुजराती त्याचं मराठी वळणाचं, पण रडणाऱ्यांनी ते मनावर घेतलं नाही. बाहेर चपला घालता घालता तीन जणांनी त्याचा नंबर घेतला. वर्षभरात त्याला कचेरीत रजा टाकायची लाज वाटू लागली, आणि लाज वाटू लागल्यावर त्याने नोकरी सोडली. वय सदतीस. समरजितचंही तेवढंच. हे शेवटचं समरजितला सर्वात जास्त लागलं.

"मेलेल्या माणसांवर पोट भरायचं," तो त्या दिवशी घरी जाताना स्कूटरवरून मागे वळून म्हणाला. "हा काय धंदा झाला?"

"पुढे बघ," मिताली म्हणाली. "नाहीतर आपल्यावर भरेल त्याचं."

तेव्हापासून समरजितच्या छातीत जळजळ सुरू झाली. डॉक्टरांनी ॲसिडिटी सांगितली आणि गोळ्यांची पट्टी दिली. ती तो सदऱ्याच्या खिशात बाळगू लागला. पण ही ॲसिडिटी तिखटाने वाढत नसे. ती माणसांनी वाढे. पेट्रोल पंपावर कोणी ओळख काढी, "तमे इंद्रनीलभाईना साडू ने?" आणि जळजळ. कारखान्यातले पारीखसाहेब, ज्यांनी बारा वर्षांत समरजितला खुर्ची दाखवली नव्हती, त्यांनी एकदा केबिनमध्ये बोलावून बसवलं, चहा मागवला, आणि म्हणाले, "शिर्के, तमारा साडूभाई मारा काकाना बेसणामां शुं बोल्या छे! आखो हॉल रडे!" समरजितने तो चहा घेतला. इंद्रनीलमुळे मिळालेला चहा होता तो. उतरायला दोन गोळ्या लागल्या.

सकाळी गुजराती पेपर आला की तो आता आधी निधनाचं पान उघडी. कोण गेलं, कुठल्या हॉलमध्ये बेसणं, घर कसं दिसतंय, इंद्रनीलला बोलावतील का, याचा अंदाज घेई. ज्या दिवशी पान भरगच्च असे त्या दिवशी त्याला न्याहारी जात नसे.

"आज कोणी विशेष गेलेलं दिसत नाही," मिताली पोह्यांची बशी ठेवत म्हणायची. "चेहरा उजळलाय तुझा."

"तुला काहीही सुचतं."

"मला नाही सुचत. तुझ्या पोटाला सुचतं."

खरं दुखणं काय ते तिला माहीत होतं. त्यालाही होतं. नऊ वर्षं स्वप्नं त्याने बघितली होती, मोठ्याने बघितली होती, सगळ्यांच्या देखत बघितली होती. आणि ज्याने त्यावर नुसती कढी ओतून घेतली, तो माणूस गुपचूप उठून त्यांतलं खरं होण्याजोगं तेवढं घेऊन गेला होता. हॉटेल राहिलं, तंबू राहिले. आपल्याला काय करता येतं हे इंद्रनीलला सापडलं होतं. समरजितला वाटे, दोघांत मिळून ते एकच होतं आणि आता ते संपलं.

तरी झोपाळ्यावरची जागा होती. ती गेली गणपतीनंतरच्या रविवारी.

भास्करराव तेव्हा ऐंशीत होते, तब्येतीने ठणठणीत, कमाटीबागेत रोज फिरायला जाणारे. जेवणं झाल्यावर सुपारी कातरता कातरता ते म्हणाले, "माझ्या बेसण्याचं मी इंद्रनीलरावांना सांगून ठेवलंय."

"अहो, काय हे जेवल्या जेवल्या," सासूबाई, वत्सलाबाई, म्हणाल्या.

"मग काय उपाशी पोटी सांगू? बोलायला ते बरे. त्यांना म्हटलंय, मी असतानाच एकदा ऐकवून टाका. काही राहिलं असेल तर मला सांगता येईल."

इंद्रनीलने मान हलवली. समरजितने झोपाळा पायाने थांबवला. उजव्या हाताला आपण, आणि आपल्याला कोणी विचारलंसुद्धा नाही.

"आणि मी काय करायचं, बाबा?"

भास्कररावांनी मनापासून विचार केला. तो केलेला दिसला, हेच वाईट.

"तुम्ही मोठे जावई," ते म्हणाले. "तुम्ही पार्किंग बघा. हॉलपाशी फार गोंधळ होतो हो गाड्यांचा. तुम्हाला सवय आहे."

शलाका हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

त्या आठवड्यात समरजितने ठरवलं की आता इंद्रनीलला एकदा प्रत्यक्ष ऐकायचा. दोन वर्षांत त्याने ते कटाक्षाने टाळलं होतं. पण कुठेतरी चुकत असणारच माणूस. एखादं नाव चुकत असेल, एखादं रडं ओढूनताणून आणत असेल. ते हेरायचं आणि रविवारी वरणभात संपल्यावर सहज बोलून जायचं.

पेपरात बातमी आली. तरसालीला, रमणिकभाई नावाचे जुने कॉन्ट्रॅक्टर गेले होते, शुक्रवारी संध्याकाळी बेसणं. इंद्रनील तिथे आहे हे शलाकाने मितालीला फोनवर सांगितलं होतं. शुक्रवारी समरजित कारखान्यातून लवकर निघाला. पांढरा कुडता घातला, खिशात पट्टी टाकली, आणि मागच्या रांगेत गुपचूप बसता यावं म्हणून मुद्दाम थोडा उशिरा पोचला.

हॉल पहिल्या मजल्यावर होता. जिना चढून वर गेल्यावर दोन दारं, शेजारी शेजारी. खाली फळ्यावर दोन नावं लिहिलेली होती, पण ज्याला साडूची चूक हेरायची आहे तो माणूस फळे वाचत बसत नाही. पहिलं दार दिसलं, तो चपला काढून आत शिरला, मान खाली घातली, हात जोडले आणि बसला. मग मान वर केली.

फोटोत रमणिकभाई नव्हते. एक म्हातारी होती. नऊवारी, कपाळ रिकामं, आणि नजर अशी की फोटो काढणाऱ्याने आपल्याला फसवलं हे तिने ओळखलेलं. खाली मराठीत नाव, मथुराबाई पवार. हॉलभर पांढऱ्या चादरी ताणून अंथरल्या होत्या आणि त्यांना एक सुरकुती नव्हती, कारण त्यांच्यावर कोणी बसलंच नव्हतं. फोटोपाशी साठीचा एक गृहस्थ, त्याची बायको, दोन-चार नातेवाईक. बस.

उठून जावं तर सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलेलं. हॉलमध्ये त्या क्षणी बघण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

गृहस्थ सरकत सरकत त्याच्याजवळ आला. "मी सुभानराव. मुलगा. आपण आईला कसे ओळखायचात?"

"आमच्या घरात..." समरजित म्हणाला आणि थांबला. "आमच्या घरात नाव निघायचं."

"चांगलं निघत नसेल," सुभानराव समजूतदारपणे म्हणाला. "आईचं कोणाशी जमलं नाही हो. लिफ्टवरून खालच्यांशी भांडण, पाण्यावरून वरच्यांशी. गणपतीच्या आरतीवरून तर सगळ्या सोसायटीशी. मला वाटलं, निदान आज तरी येतील."

तेवढ्यात शेजारचा आवाज आला. दोन हॉलच्या मध्ये सरकणारी लाकडी भिंत होती, आणि तिच्यातून इंद्रनीलचं मराठी वळणाचं गुजराती स्वच्छ ऐकू येत होतं. रमणिकभाईंनी शेकडो घरं बांधली, तो सांगत होता, पण त्यांच्या स्वतःच्या स्वयंपाकघरातली एक फरशी लग्नापासून हलत होती. काकी रोज म्हणायच्या, बसवून द्या. रमणिकभाई रोज म्हणायचे, उद्या. पलीकडे खसखस पिकली. मग इंद्रनील म्हणाला, परवा सकाळी काकींचा पाय त्या फरशीवर पडला आणि ती वाजली, तेव्हा त्यांना पहिल्यांदा खरं वाटलं की आता उद्या म्हणणारं कोणी नाही.

 पलीकडून एका बाईचा हुंदका आला, आणि त्यामागून बरेच.

समरजितने गोळी तोंडात टाकली. इतकं चांगलं बोलायची काय गरज होती? नाव चुकलं नाही, रडं ओढूनताणून आणलं नाही. फरशी! ही फरशी याला सापडते कुठे?

"तिकडे केवढी माणसं आहेत हो," सुभानराव म्हणाला.

तो भिंतीकडे बघत होता. दुःखाने बघत असेल असं कोणालाही वाटलं असतं. समरजितला नाही वाटलं. तो आवाज त्याच्या ओळखीचा होता. पेट्रोल पंपावर, पारीखसाहेबांच्या केबिनमध्ये, झोपाळ्यावर बसून तो स्वतः याच आवाजात बोलत आला होता. आईच्या फोटोसमोर बसलेल्या त्या साठीच्या माणसाचं पोट पलीकडच्या मयताच्या गर्दीवरून दुखत होतं. समरजितला वाटलं, त्याला एक गोळी द्यावी.

"मी जरा चपला बघून येतो," तो म्हणाला आणि बाहेर आला.

बाहेर बघतो तर एवढ्या वेळात रमणिकभाईंच्या दारात मुंगीला शिरायला जागा नाही. आत न मावलेली माणसं जिन्यापर्यंत उभी. म्हातारे कठड्याला टेकलेले, एका काकांनी गुडघा धरलेला, आणि खालून आणखी माणसं येतच होती. उजवीकडे माल रस्त्यावर पडलेला, डावीकडे गाडी रिकामी. डिस्पॅचच्या माणसाला हे सोसत नाही. आणि यातला जो जो माणूस डावीकडे वळेल, तो तो इंद्रनीलच्या समोरून कमी होईल, हेही त्याच्या लक्षात आलं. या दोन्हींतलं आधी काय लक्षात आलं, ते त्याने पुढे कोणाला खरं सांगितलं नाही.

तो गुडघेवाल्या काकांजवळ गेला आणि हात जोडून हळू आवाजात म्हणाला, "काका, अहीं बेसो ने. अहीं जग्या छे."

काका निमूट आत गेले, फोटोला हात जोडले आणि बसले. त्यांच्यामागे त्यांचे व्याही गेले. व्याह्यांमागे व्याह्यांचे भाऊ. समरजित दोन्ही दारांच्या मध्ये उभा राहिला. पांढरा कुडता, जोडलेले हात, गंभीर चेहरा. "अहीं, बेन, अहीं." तरसालीचा काय, सगळ्या बडोद्याचा माणूस, फोटोसमोर एकदा बसला की हा फोटो कोणाचा असं विचारत नाही. ते वाईट दिसतं. आणि बसल्या बसल्या उठतही नाही. तेही वाईट दिसतं. मथुराबाई एकामागून एक आलेल्या अनोळखी माणसांकडे फोटोतून रोखून बघत होत्या आणि माणसं माना खाली घालत होती.

मग नगरसेवक आले, मागे चार माणसं घेऊन. समरजितने त्यांनाही डावीकडे वळवलं. ते सवयीने पहिल्या रांगेत जाऊन बसले. सुभानराव लगबगीने त्यांच्यापाशी गेला. नगरसेवकांनी त्याचे दोन्ही हात हातात घेतले, डोळे मिटले आणि म्हणाले, "बहु मर्द माणस हता."

"हो," सुभानराव गहिवरून म्हणाला. "स्वभाव होताच तसा."

शेवटी रमणिकभाईंच्या गल्लीतलं बायकांचं भजनी मंडळ आलं, टाळ घेऊन. सात-आठ बायका, पुढे मोहनाबेन. समरजितने त्यांना बघितलं, डावीकडच्या हॉलकडे बघितलं, भिंतीपलीकडून येणाऱ्या इंद्रनीलच्या आवाजाकडे कान दिला. इंद्रनील आता फरशीवरून रमणिकभाईंच्या बालपणाकडे निघाला होता. समरजितने हात जोडले. "अहीं, मोटाबेन."

मोहनाबेन बसल्या, टाळ काढले, आणि मथुराबाईंसमोर त्यांनी जे भजन उचललं त्याला तोड नव्हती. लाकडी भिंत थरथरली. पलीकडे इंद्रनील एक वाक्य बोलला, अर्धं बोलला, थांबला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबला. मग नुसतेच टाळ राहिले. समरजितच्या छातीतली जळजळ त्या वेळी नेमकी कुठे होती कोण जाणे, पण छातीत नव्हती.

सगळं आटोपल्यावर सुभानरावाने त्याचं नाव विचारलं, नंबर घेतला आणि दारात मिठी मारली. त्याचे डोळे वाहत होते. "एवढी माणसं, शिर्के! एवढी माणसं ओळखत होती तिला. मला कधी बोलली नाही हो. भांडणंच तेवढी सांगायची." चादरींवर सुरकुत्याच सुरकुत्या पडल्या होत्या, आणि सुभानराव त्या सरळ करू देत नव्हता.

जिन्यात इंद्रनील भेटला. चपला हातात होत्या.

"समरजितराव, तुम्ही इथे?"

"बेसण्याला आलो होतो. शेजारी."

"बाई कोण होत्या?"

"आमच्या ओळखीच्या."

"भजन छान झालं," इंद्रनील म्हणाला. तो कधीच वाईट बोलत नसे, हाही समरजितचा एक जुना त्रास. "माझं बालपण राहिलं. म्हणजे त्यांचं. आणि अर्धी माणसं कुठे गेली तेच कळलं नाही."

"माणसं जायचीच, इंद्रनीलराव. तुमच्या धंद्यात तर जायलाच हवीत."

रविवारी समरजितने वरणभात संपल्यावर काहीच योजना सांगितली नाही. वत्सलाबाईंनी हात लावून ताप बघितला.

पुढच्या आठवड्यात सुभानरावाचा फोन आला. त्याच्या मित्राचा भाऊ वारला होता, मांजलपुरातच. मुलं परदेशात, बायको आधीच गेलेली. "हॉल घेतलाय, पण येणार कोण? तुमच्यामागे माणसं असतात हो. तुम्ही याल का?"

समरजितने हो म्हटलं. मग भजनी मंडळाच्या मोहनाबेनना फोन केला; नंबर त्याने त्या शुक्रवारीच घेऊन ठेवला होता. त्यांच्या मंडळाचं दुखणं वेगळंच होतं. सोसायटीच्या हॉलमध्ये टेबल टेनिसचं टेबल आलं होतं, आणि भजनाला कुठे जागाच उरली नव्हती. "भाई, तमे बोलावो त्यां आवीए," त्या म्हणाल्या. बागेतल्या निवृत्त मंडळींना संध्याकाळी कुठेतरी जायचं असतं आणि जायला कारण नसतं. एका जागी माल पडून, दुसऱ्या जागी गाडी रिकामी. समरजितला यापलीकडे काही करायचं नव्हतं, आणि यापलीकडे त्याला काही येतही नव्हतं. फक्त आता तो प्रत्येकाला दाराशी सांगू लागला की कोण गेलंय, काय करायचे, मागे कोण आहे. म्हातारे ते ऐकून घ्यायचे आणि आत जाऊन खरोखरीच हळहळायचे. कोणी म्हणायचं, मीही रेल्वेतच होतो. घरची माणसं उठून त्यांच्याजवळ येऊन बसायची. मंडळाला गाण्यासाठी काही द्यायची, त्याच्याही हातात पाकीट ठेवायची. दिवाळी उलटेपर्यंत त्याला कारखान्यात दांड्या मारायची लाज वाटू लागली.

इंद्रनीलला लाज वाटली होती, त्याची आठवण होऊन त्याने एक गोळी घेतली. पण सवयीनेच.

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी, वरणभात चालू असताना, तो म्हणाला, "मी नोकरी सोडली. कढी सरकवा."

कोणी मान वर केली नाही. नऊ वर्षं ऐकत होते. इंद्रनीलने कढी सरकवली. एकट्या मितालीचा घास हातात राहिला. तिने त्याच्याकडे बघितलं, आणि त्याने पुढे काहीच सांगितलं नाही, एवढ्यावरून तिला ते खरं असल्याचं कळलं.

"कधी?" तिने हळूच विचारलं.

"परवा शेवटचा दिवस होता."

तिने त्याच्या भातावर तूप वाढलं. दोनदा.

जेवणं झाल्यावर भास्करराव झोपाळ्यावर बसले, सुपारी कातरू लागले. समरजित उजवीकडे न बसता कठड्याशी उभा राहिला.

"बसा हो," भास्करराव म्हणाले. "कमाटीबागेत तुमचं नाव निघालं. आमच्या कट्ट्यावरचे दोघं तुमच्याकडे येतात म्हणे बेसण्याला."

"येतात अधूनमधून."

"मी विचार करत होतो. इंद्रनीलराव बोलणार, ते उत्तमच बोलणार. पण ऐकणार कोण? माझ्या बरोबरीचे सगळे पुढे गेले. कचेरीतले गेले, शाळेतले गेले. उरलेत ते चार, त्यांतल्या दोघांना ऐकू येत नाही." त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. त्यांचा आवाज नेहमीचाच होता, पण हात मांडीवर नुसताच राहिला. "रिकाम्या हॉलमध्ये फोटोत बसून राहायचं म्हणजे... ते काही मला बरं वाटत नाही. बोलणारा मिळतो हो. माणसं तुम्ही आणाल?"

समरजित येऊन झोपाळ्यावर बसला. उजव्या हाताला. नऊ वर्षांत तयार केलेली सगळी वाक्यं त्याच्यापाशी होती, पण त्यांतलं एकही या प्रसंगाचं नव्हतं.

"आणतो, बाबा," तो म्हणाला. "हॉल अपुरा पडेल."

"मग पार्किंग कोण बघणार?"

"ते मी बघते," आतून वत्सलाबाई म्हणाल्या. "तुम्ही आधी औषध घ्या."

समोरच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर इंद्रनील बसला होता. दोन वर्षांत पहिल्यांदाच सासऱ्यांनी इतका वेळ त्याच्याकडे बघितलं नव्हतं. त्याने घसा साफ केला आणि खुर्ची झोपाळ्याकडे जराशी सरकवली.

निघताना दोघं साडू बरोबरच जिना उतरले. बायका वर डबे भरत होत्या. खाली स्कूटरपाशी इंद्रनील उगाच घुटमळला.

"समरजितराव," तो म्हणाला, "परवाच्या त्या हरणीच्या बेसण्याला... तुमच्याकडे बरीच गर्दी होती म्हणे."

"होती."

"उभं राहायला जागा नव्हती म्हणे."

"कोण म्हणालं?"

"कोणी नाही. मी आपलं सकाळी पेपर बघत होतो, तेव्हा मनात आलं." त्याने हाताची मूठ करून छातीच्या मध्यावर हळूच दाबली. "आज कढी जरा आंबट होती का हो?"

कढी अजिबात आंबट नव्हती. समरजितने साडूकडे नीट बघितलं. मग कुडत्याच्या खिशात हात घातला, गोळ्यांची पट्टी काढली, तिच्यात किती उरल्यात ते न बघता ती सगळीच्या सगळी इंद्रनीलच्या हातावर ठेवली, आणि मोठ्या जावयाला शोभेल अशा आवाजात म्हणाला,

"जेवणानंतर एक. आणि पेपर उघडायच्या आधी एक."